ताईला समुद्र बंद झाला

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही तिघं मुंबईहून जहाजानं लक्षद्वीपला जाऊन आलो. मी, माझी बायको मेधा आणि आमची मुलगी गार्गी. गार्गी तेव्हा अकरा वर्षांची होती. चौथी जागा माझ्या बहिणीची होती. ती पुण्यात राहिली, कारण तिच्या तब्येतीमुळे जहाजवाले तिला घेत नाहीत, असं मी सांगितलं. जहाजवाले तिला घ्यायला तयार होते.

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. मेधाला नाही, गार्गीला नाही, ताईला तर नाहीच. पहिल्यांदा सांगतोय ते तुम्हाला. घरच्यांच्या आधी तुम्हाला का? कारण लिहून काढल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सरळ मांडता येत नाही. बोलायला लागलो की मी वळसे घेतो, आणि वळसे घेण्यात मी किती तरबेज आहे ते पुढे येईलच.

आधी माझं काम सांगतो. त्या कामाशिवाय हे खोटं खपलं नसतं.

मी एका मराठी दैनिकात डेस्कवर होतो. बातमीदार बातमी आणायचे आणि मी ती तपासायचो. अपघात पुलावर झाला की पुलाखाली, पाणी कोणत्या गल्लीत शिरलं, जखमी मुलाचं नाव काय, वय काय. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मी ओळ पुढे जाऊ द्यायचो नाही. नवीन मुलं वैतागायची. एकदा एकानं माझ्यासमोरच दुसऱ्याला सांगितलं, ‘‘सुधीर सर स्वतःच्या लग्नाची बातमी आली तरी भटजींना फोन करतील.’’ मला ते आवडलं होतं, हेही सांगून टाकतो.

ती सवय घरी आली आणि घरानं ती मानली. गुरुवारी पाणी येणार का, शाळेला सुट्टी खरंच जाहीर झाली का, मोबाइलवर फिरणारा तो मजकूर खरा का — विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीतसुद्धा लोक मला विचारायचे. मी दोन फोन करायचो आणि एकच शब्द म्हणायचो. ‘कन्फर्म.’ त्यानंतर त्या विषयावर कुणी बोलायचं नाही. एखाद्या माणसाच्या शब्दाला घरात इतकं वजन असेल, तर त्यानं तो शब्द कसा वापरावा?

आता ताई. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून नारायण पेठेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. बोलणं तुटक, आवाज कधी चढत नाही. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, ‘‘एकटीला कंटाळा येत नाही का हो?’’ ताई म्हणाली, ‘‘येतो की. मग कुणीतरी भेटायला येतं. ते गेलं की बरं वाटतं.’’

गार्गीला वाढवलं ते ताईनं. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. मेधा हिंजवडीला नोकरी करते, सकाळी जाते आणि दिवेलागणीनंतर येते. मी दुपारी ऑफिसात जायचो आणि घरी यायचो तेव्हा पोर झोपलेली असायची. म्हणून गार्गीची शाळा पेठेतली निवडली, नारायण पेठेपासून चालत जाता येईल अशी. शाळा सुटली की ती आत्याकडे. जेवण, अभ्यास, ताप, मैत्रिणींची भांडणं, सगळं तिथे. संध्याकाळी मेधा तिला घेऊन यायची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी घरी असायचो. त्या दिवशी गार्गी माझ्याशी फार सभ्यपणे वागायची. पाहुण्याशी वागतात तसं.

घरातली प्रत्येक बातमी मला शिळी मिळायची. ती वर्गाची मॉनिटर झाली, हे मला तिसऱ्या कुणाकडून कळलं. तिनं पोहणं सोडलं, कारण खोल पाण्यात तिचा पाय अचानक आखडला आणि ती घाबरली. मला ते कळलं केव्हा? टॉवेल कोरडाच का असतो, असं मी एक दिवस विचारलं तेव्हा. ‘‘आत्याला माहितेय,’’ गार्गी म्हणाली. जणू तेवढं पुरेसं होतं. तिच्या दृष्टीनं पुरेसंच होतं.

मला ताईचा राग होता का? नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. मला ताईची जागा हवी होती. ती मिळवण्यासाठी जे करावं लागतं, ते तिनं रोज दुपारी केलं होतं आणि मी केलं नव्हतं. हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. दिसत असून मी जे केलं, ते केलं. म्हणून कुठेही ‘नकळत’ हा शब्द मी वापरणार नाही.

जहाजाची कल्पना ताईचीच. त्या वर्षी गणपतीनंतर एका रविवारी आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढता वाढता ती म्हणाली, ‘‘ही आता अकराची आहे. बाराची झाली की तुमच्याबरोबर गच्चीवरसुद्धा येणार नाही. न्यायचं असेल कुठे तर याच वर्षी न्या.’’ मग जरा थांबून, ‘‘जहाजानं जा. मीही येते, चालणार असेल तर.’’

चालणार असेल तर. ताई आयुष्यात क्वचितच काही मागते. मागितलं तर असं.

मग पुढचे कित्येक रविवार तिच्या जेवणाच्या टेबलावर जहाजं होती. तुम्ही कधी लेकराला घेऊन अशी सहल ठरवली असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की अकरा वर्षांचं मूल कुठेच बसत नाही. मुलांच्या खेळघरात बारापर्यंत घेतात, पण तिथे चार वर्षांची पोरं फुगे रंगवत असतात. मोठ्या मुलांची खोली तेरापासून. एका जहाजावर घसरगुंडीचा तलाव चांगला, पण तिथे उंचीची अट. दुसऱ्यावर रात्रीचे कार्यक्रम असे की मेधानं जाहिरातीतला फोटो बघूनच ते बाद केलं. तिसरं सिंगापूरहून सुटायचं, म्हणजे पासपोर्ट, विमान, सगळं आलं. ताईनं जहाजांचे नकाशे मोबाइलवर मोठे करून करून पाहिले होते. ‘‘खोली मधोमध घ्यायची आणि खालच्या मजल्यावर. टोकाला घेतली तर झोका बसतो. पोरीला गाडी लागते, विसरू नका.’’ गार्गीला खिडकी हवी होती. मेधाला साधा वरणभात मिळाला तर पुरे होता. मला काय हवं होतं, ते मला कुणी विचारलं नाही, कारण चौकशी करायचं काम माझ्याकडे होतं.

शेवटी मुंबईहून सुटणारं, लक्षद्वीपला जाणारं जहाज ठरलं. तिथे आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी वेगळं दालन होतं. खोली चार जणांची. दोन पलंग खाली आणि दोन छतातून उघडणारे. गार्गीनं त्या खोलीचं चित्रच काढलं. ‘‘वर मी, माझ्या खाली आत्या. आई-बाबा पलीकडे.’’

पलीकडे. ती हे सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं. मी पुढे जे केलं ते या शब्दामुळे केलं, असं नाही म्हणणार. त्या शब्दानं मला फक्त चित्र दाखवलं — सुट्टीतसुद्धा मी कुठे झोपणार आहे ते.

एक गोष्ट राहिली. त्याच्या आदल्या वर्षी ताईच्या छातीत पेसमेकर बसवला होता. ठोके मध्येच मंदावायचे, एकदा मंडईत भोवळ येऊन पडली होती. यंत्र बसल्यावर ती ठणठणीत झाली. डॉक्टर म्हणाले होते, चाला, चढा, प्रवास करा, आता घाबरण्यासारखं काही नाही. आणि ती चढायला लागलीही. रोज सकाळी पर्वती. खाली येऊन भाजी घेऊन घरी. तरी जहाजाचं बुकिंग करण्याआधी ती मला म्हणाली, ‘‘तेवढं माझ्या यंत्राचं विचारून घे. उगाच बंदरावरून परत पाठवायला नको. गार्गीचा विरस होईल.’’

मी विचारलं. नेहमीच्या पद्धतीनं, दोन ठिकाणी. आधी तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाला आणि मग थेट जहाज कंपनीच्या फोनवर. दोघांचं उत्तर एकच. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, बंदरावर तपासणीच्या दारापाशी सुरक्षारक्षकाला आधी सांगा, बाकी काही अडचण नाही. जहाजावर डॉक्टर असतो. कंपनीतली मुलगी तर म्हणाली, ‘‘सर, असे पुष्कळ पॅसेंजर येतात आमच्याकडे.’’ मी तिचे आभार मानले. आणि त्याच फोनवर, आवाज न बदलता, विचारलं, ‘‘तीन जणांची खोली शिल्लक आहे का?’’

तो क्षण मी पुष्कळदा तपासला आहे. त्या प्रश्नाआधी मी काही ठरवलं होतं का? ठरवलं नव्हतं, असं लिहावंसं वाटतं. पण तीन जणांची खोली कुणी चुकून विचारत नाही.

रविवारी टेबलावर ताईनं विचारलं, ‘‘काय म्हणाले जहाजवाले?’’

‘‘घेत नाहीत,’’ मी म्हणालो. ‘‘पेसमेकर असेल तर नाही. किनाऱ्यापासून लांब असतात, मोठं हॉस्पिटल नसतं. जबाबदारी नको म्हणतात.’’

‘‘बाबा, नीट विचारलंस का?’’ गार्गी म्हणाली.

‘‘दोन ठिकाणी विचारलं. कन्फर्म.’’

गार्गीनं तोंड उघडलं, तेवढ्यात मेधा म्हणाली, ‘‘अगं, त्यानं विचारलंय म्हणजे झालं.’’

ताईच्या हातात आमटीची वाटी होती. तिनं ती खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘बरोबर आहे त्यांचं. वाटेत बंद पडणारं सामान कोण चढवेल?’’ मग हसली आणि गार्गीला म्हणाली, ‘‘तू बघून ये आणि मला सांग. मात्र नीट बघ. बापासारखं नुसतं ऐकून येऊ नकोस.’’

ती थट्टा होती. तिनं थट्टेतच घेतलं, असं मी धरून चाललो. खरं म्हणजे त्या संध्याकाळी घरी जाताना मला हलकं वाटत होतं. लाज मागाहून आली, बरीच मागाहून. त्या संध्याकाळी मी गाडीत शीळ घालत होतो.

भाऊबीजेला ताईनं मला ओवाळलं. दरवर्षी ओवाळते. पाटावर बसवलं, टिळा लावला, डोक्याला तेल लावलं, सुपारी फिरवली. म्हणाली, ‘‘समुद्रावर जपून रे. पोरीचा हात सोडू नकोस.’’ मी ताटात साडी ठेवली. मेधानं निवडलेली, चांगली होती. ताई आणि मी एकमेकांसमोर हातभर अंतरावर होतो, तिसरं कुणी खोलीत नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ कुठली असती? बुकिंग बदलता येत होतं. मी तेही आधी विचारून ठेवलं होतं, कारण मी सगळंच विचारून ठेवतो. मी नमस्कार केला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बंदरावर तपासणीची रांग होती. आमच्या पुढे एक गृहस्थ होते, सत्तरीचे, गुजराती असावेत. दाराच्या चौकटीपाशी आल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं, ‘‘बॅटरीवाला आदमी हूँ भाई, बाजूसे लो.’’ रक्षकानं त्यांचा कागद पाहिला, बाजूला घेऊन हातानं तपासलं आणि पुढे सोडलं. रांगेतले लोक हसले. ते गृहस्थही हसले.

गार्गी माझ्या शेजारी उभी होती. तिनं विचारलं, ‘‘बाबा, मग ते कसे जातायत?’’

मी म्हणालो, ‘‘बुकिंग करताना लपवलं असेल त्यांनी.’’

ज्या माणसानं शंभर लोकांसमोर ओरडून सांगितलं होतं, त्याच्यावर मी लपवल्याचा आळ घेतला. मुलीसमोर. गार्गीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या गृहस्थांकडे, आणि बॅग ओढत पुढे गेली. मला वाटलं, तिला पटलं. मी तसं वाटू दिलं.

जहाजावर काय झालं? जहाज चांगलं होतं. ताईच्या हिशेबानं घेतलेली खोली खरंच कमी हलली. मुलांच्या दालनात गार्गी एकदा गेली, परत आली आणि म्हणाली की तिथल्या सांभाळणाऱ्या मुली टाळ्या वाजवून बोलतात. मग ती आमच्याबरोबरच होती, म्हणजे जास्त करून माझ्याबरोबर. मला हवं होतं ते मिळालं. कठड्यापाशी उभं राहून आम्ही उडणारे मासे पाहिले. ती माझ्या बाहीला धरून उभी होती. ती मला एकेक गोष्ट दाखवायची आणि म्हणायची, ‘‘हे आत्याला सांगायचं.’’ पाण्याचा रंग आत्याला सांगायचा. जेवणाच्या हॉलमधला तो सहा वेळा इडली घेणारा माणूस आत्याला सांगायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, ‘‘मलाही सांग की कधीतरी काही.’’ ती म्हणाली, ‘‘तू तर इथेच आहेस.’’

इथपर्यंतचं एवढंच असतं तर एक क्षुद्र खोटं, एवढ्यावर हे थांबलं असतं. सहल होते, संपते, फोटो राहतात. पण मी ताईला जहाज नाकारलं नव्हतं. मी तिला तिच्या शरीराबद्दल एक बातमी दिली होती, आणि ती बातमी तिनं खरी मानली.

आम्ही परत आल्यावर महिन्याभरात तिनं पर्वती सोडली. गुडघे, म्हणाली. मग घराबाहेर पडताना कुणाला तरी सांगून निघायला लागली. मग रिक्षा. शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिका अंदमानला निघाल्या, तेव्हा तिला न्यायला दोघी घरी आल्या होत्या. मी तिथे होतो. ताई म्हणाली, ‘‘तुम्ही जा. मला समुद्र बंद आहे.’’ एखाद्याला साखर बंद असावी, तसं. त्या हळहळल्या. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायलो. पुढच्या वर्षी त्यांनी हिमाचल ठरवलं. तिथे समुद्र नव्हता. ताई तरी गेली नाही. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

तपासणीला दरवेळी डॉक्टर तिला सांगायचे, तुम्हाला काही झालेलं नाही. ती घरी येऊन मेधाला सांगायची, ‘‘डॉक्टर धीर देणारच, त्यांचं कामच आहे ते. जहाजवाल्यांना काय पडलंय? ते कशाला खोटं बोलतील?’’

जहाजवाले खोटं बोललेच नव्हते, ताई.

चार वर्षांत मी हे किती ठिकाणी थांबवू शकलो असतो, त्याची यादी देत नाही. रोजच थांबवू शकलो असतो. शेवटचं ठिकाण मात्र सांगतो. गेल्या महिन्यात मीच तिला तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले, ‘‘अहो बाई, यंत्र उत्तम चाललंय, तुम्हीच चालत नाही. पाय बारीक झालेत तुमचे. कोण सांगतं तुम्हाला जपायला?’’

ताईनं माझ्याकडे हात केला. कौतुकानं. ‘‘आमच्या सुधीरनं रीतसर चौकशी केली होती. पेपरात होता तो. मला जहाजावरसुद्धा घेत नाहीत.’’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘कुठल्या जहाजावर घेत नाहीत?’’

मी म्हणालो, ‘‘गाडी नो-पार्किंगला लावलीय, आलोच.’’ आणि बाहेर गेलो. गाडी हॉस्पिटलच्या तळघरात, जागेवर नीट लावलेली होती. मी तिच्यात बसून राहिलो. ताई एकटीच खाली आली, भिंतीला धरून.

मला लिहायला बसवलं ते या ‘आलोच’नं.

आमच्या डेस्कवर दुरुस्तीचा एक नियम होता. चूक ज्या पानावर गेली, दुरुस्ती त्याच पानावर. पहिल्या पानावर चुकायचं आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात सावरायचं, हे चालायचं नाही. आणि दुरुस्तीत कारणं द्यायची नाहीत. वाचकाला आपल्या अडचणींशी देणंघेणं नसतं. काय छापलं होतं, खरं काय आहे, बस्स. हा नियम मी इतरांना वर्षानुवर्षं लावला. नवशिक्या मुलांकडून दुरुस्त्या लिहून घेतल्या, त्यातले ‘अनवधानानं’सारखे शब्द लाल पेनानं उडवले. मग माझी दुरुस्ती कुठे जायला हवी? ताईला एकटीला गाठून हळूच सांगणं, हा आतल्या पानाचा कोपरा झाला. मी खोटं बोललो ते नारायण पेठेतल्या त्या टेबलावर, मेधा आणि गार्गीसमोर. दुरुस्ती तिथेच जायला हवी आणि त्याच माणसांसमोर.

ताईला फोन केला. रविवारी आम्ही तिघं जेवायला येतो म्हटलं. ती म्हणाली, ‘‘या. वांगी आणते. आजकाल बोलावल्याशिवाय येता, प्रगती आहे.’’ मेधाला मी एवढंच सांगितलं की एक बोलायचं आहे. गार्गी आता पंधराची आहे. तिला क्लास होता, तो बुडव म्हटलं. तिनं कारण विचारलं नाही.

मी माफी मागणार नाही, असं ठरवलं आहे. माफी मागितली की ताईला काहीतरी द्यावं लागेल, आणि ती देईल. मला तिच्याकडून आणखी काही घ्यायचं नाही.

इथपर्यंतचा मजकूर शनिवारी लिहिला. पुढचा सोमवारी लिहितो आहे.

रविवारी पानं वाढून झाल्यावर, पहिला घास घेण्याआधी मी सांगितलं. तीन-चार वाक्यं. चार वर्षांपूर्वी मी याच टेबलावर सांगितलं की जहाजवाले ताईला घेत नाहीत. मी दोघांना विचारलं होतं. दोघांनी हो म्हटलं होतं. मी खोटं सांगितलं.

ताई म्हणाली, ‘‘परत सांग.’’

मी परत सांगितलं.

‘‘म्हणजे मला काही झालेलं नव्हतं.’’

‘‘नव्हतं.’’

‘‘का केलंस ते सांगू नकोस. मला कळलंय.’’ तिनं मेधाच्या पानात चटणी वाढली. हात स्थिर होता. ‘‘चार वर्षं मी स्वतःला काचेच्या बरणीसारखं जपलं. कुठे आपटू दिलं नाही. आणि तू आज सांगतोस की मी स्टीलची होते.’’

मग ती गार्गीकडे वळली. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘शंका होती,’’ गार्गी म्हणाली. ‘‘बंदरावर एक आजोबा होते, त्यांना घेतलं. खात्री नव्हती.’’

‘‘मग मला सांगायचंस.’’

‘‘काय सांगू, आत्या? की बाबा खोटं बोलला? मी अकरा वर्षांची होते.’’

‘‘नंतर बाराची झालीस. तेराची झालीस.’’

‘‘हो,’’ गार्गी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ‘‘चुकलं माझं.’’

ती माझी चूक होती, असं मी म्हणायला गेलो. ताईनं हात वर केला. वर्गात करायची तसा. ‘‘तू बोललास तेवढं पुरे. आता जेवा. केलेलं टाकायचं नाही. जेवून तुम्ही दोघं निघा.’’

आम्ही जेवलो. वांग्याची भाजी होती. ताईनं स्वतःही नेहमीइतकं खाल्लं. जेवण झाल्यावर मी माझं ताट उचलायला गेलो, ते तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

दाराशी गार्गीनं चपला घातल्या नाहीत. मेधानं तिच्याकडे पाहिलं. गार्गी म्हणाली, ‘‘मी थांबते.’’ मेधा म्हणाली, ‘‘बरं.’’

गाडीत, संगमवाडीच्या पुलावर मेधा म्हणाली, ‘‘ ‘त्यानं विचारलंय म्हणजे झालं’, हे मी म्हणाले होते. लक्षात आहे तुझ्या?’’ मी म्हणालो, आहे. ‘‘काल दिवसभर लिहीत बसला होतास, त्यात लिहिलंयस का तेही?’’ मी म्हणालो, लिहिलं आहे.

संध्याकाळी गार्गीचा मेसेज आला. दप्तर, युनिफॉर्म आणि मोबाइलचा चार्जर हवा होता. मेसेज मेधाला आला. मेधा सामान घेऊन स्कूटरवरून नारायण पेठेत गेली आणि देऊन परत आली. आज सकाळी गार्गी तिथूनच शाळेत गेली.